दोन रकाने

लेकीनं फोनमध्ये घालून दिलंय ते.
हिरवं वर्तुळ. चाललो की भरत जातं,
बसलो की तसंच राहतं,
ताटात अर्धी भाकरी टाकून उठल्यासारखं.
"पप्पा, नुसतं खिशात ठेवा. बाकी ते बघतंय."

ते काय बघतंय?

एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली मी.
मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडंतिकडं झाला
की जॉब भंगारात, आणि मालक
तंबाखू मळत नुसता उभा राहायचा,
बोलायचा नाही, तेच जास्त लागायचं.
तेव्हा पहिल्याच दिवशी मी फोनची ट्रायल घेतली.
शालननं अंगणात खडूनं रेघा ओढल्या,
तिच्या खांद्यावर माझा डावा हात,
आणि दोघांनी मोठ्यानं मोजलं:
शंभर.
फोन म्हणाला, त्रेपन्न.

परत चाललो. शंभर. फोन, एकावन्न.
तिसऱ्या खेपेला कळलं.
झटक्यापासनं उजवा पाय उचलत नाही,
पोत्यासारखा मागनं फरफटत येतो,
आणि फोनच्या हिशोबात
फरफटणं म्हणजे पाऊल न्हवं.
डाव्याचं तेवढं घेतलं त्यानं.
कष्ट उजव्याचं, हजेरी डाव्याची.
कारखान्यात पण बघितलंय मी हे.

मग वही आणली. डाव्या हातानं
दोन रकाने पाडले. रेघ वाकडी आली.
जन्मात पहिल्यांदा वाकडी रेघ तशीच ठेवली.
एकात फोनचा आकडा, एकात माझा.

रोज पाचला ते वाजतं:
"चला, उठा! थोडं चालूया!"
शालन चुलीपासनं ओरडते, "आलो, आलो!"
तिला अजून वाटतं, दारात कोण तरी आलंय.

मंगळवारी व्यायामाला सीपीआरला.
संभाजीनगरातनं दसरा चौकापर्यंत रिक्षा,
मधे खड्डे, खड्ड्यांत खड्डे.
उतरलो तर फोन थरथरला:
"अभिनंदन! सहाशे चाळीस पावलं!"
त्यातलं एकही माझं नव्हतं.
सगळी म्युनिसिपालटीची.
वहीत लिहिलं, वजा सहाशे चाळीस.

रात्री लेकीचा फोन, ठाण्याहून. तिला तिकडं दिसतं.
"पप्पा, आज लई भारी!"
सांगावं म्हटलं तिला, अगं, ते…
शब्द आला नाही.
काही शब्द अजून असेच.
दारापर्यंत येतात
आणि उंबऱ्याबाहेर चप्पल काढत बसतात.
"व्हय," म्हणालो.
ती एवढी हसली की
चुकीचं माप मी पहिल्यांदा पास केलं.

शनिवारी दस्तगीर आला स्कूटर घेऊन.
"चल, हिंदुराव. तुझी मशीन बघून येऊ.
नवीन पोरगं चालवतंय, रडवतंय तिला."

गेटपासनं माझ्या लेथपर्यंत
एकतीस वर्षं चाललो, कधी मोजलं नव्हतं.
त्रेचाळीस.
फोन म्हणाला, बावीस.
तेलाचा तो वास, पांढरं कुलंट,
पोरानं मशीन बंद केली, उठून उभा राहिला,
कुणी मेल्यावर उभं राहतात तसा.

मी मागं वळून बघितलं.
फरशीवर तेल आणि लोखंडाचा बारीक कीस.
त्यात डाव्या पायाचे ठसे, सुटे सुटे,
मधे मोकळी जागा टाकत आलेले.
आणि उजव्याची
गेटपासनं इथपर्यंत
एक सलग रेघ.
कुठं तुटलेली नाही.

कट चालू असताना
टूल जॉबवरनं उचलत नाहीत.

"काय बघालाइस?" दस्तगीर म्हणाला.
मी शब्द शोधला. आधी खिशात, मग तोंडात.
"फीड," म्हणालो. "फीड… बारीक हाय."

तो काही बोलला नाही.
बसायचं स्टूल उचललं त्यानं
आणि ठेवलं
मुद्दाम चार पावलं लांब.